शेवटच्या दिवशी आईला घेऊन ये

माझ्या दवाखान्यात दात काढायला आलेला माणूस मला कमी घाबरायचा आणि खालून येणाऱ्या आवाजाला जास्त. सिडकोतल्या त्या इमारतीत वर माझा दवाखाना आणि बरोबर खाली, शटरच्या गाळ्यात, त्रिभुवन सरांचा मोटार ड्रायव्हिंगचा क्लास. मी इंजेक्शनची सुई हिरडीपाशी नेली की नेमकं खालून यायचं, "मेला तो! तुझ्यामुळं मेला! आता जा आणि त्याच्या घरच्यांना सांग!" पेशंट गपकन तोंड मिटून घ्यायचा. मी म्हणायची, "काही नाही हो, खाली पोरं गाडी शिकतायत."

सर मूळचे लासूर स्टेशनचे. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि मग लोक देवदर्शनाला लागतात त्या वयात त्यांनी ही पांढरी, जुनी, डावीकडंही ब्रेक आणि क्लच असलेली गाडी घेतली. अंगात कायम कडक इस्त्रीचा पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पांढरीच पँट. हातात भूगोलाच्या तासाची राहिलेली आखूड लाकडी पट्टी. पोरानं विनाकारण हॉर्न दाबला की पट्टी त्याच्या बोटांवर. "हॉर्न म्हणजे काय रे? मी येतोय, तुम्ही मरा, असंच ना?" दुपारी गाडीचं दार उघडं टाकून डाव्या सीटवर बसूनच ते भाकरी आणि ठेचा खायचे. उजव्या सीटवर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही.

आणखी एक होतं. डिकीत ते एक काळा दगड ठेवायचे, पाट्यासारखा चपटा. गाडी कुठंही उभी केली की आधी उतरून मागच्या टायरमागं तो दगड, मग बाकीचं जग. कॉलनीतली पोरं त्याला सरांचा देव म्हणायची. एकदा कुणीतरी त्याला शेंदूर लावून ठेवला. सरांनी तो नळाखाली धरून घासून काढला आणि ज्याच्यावर संशय होता त्याला आठवडाभर गाडीला हात लावू दिला नाही.

पहिले कितीतरी दिवस ते कुणालाच गाडीला हात लावू देत नसत. शटरच्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर खडूनं काढलेला चौक. नाहीतर भर दुपारी जालना रोडवर नेऊन उभं करायचे आणि म्हणायचे, आता पायी ओलांडा. पोरं त्या उन्हात जीव मुठीत धरून उभी राहायची. पलीकडं पोचल्यावर सर विचारत, "कोणत्या गाडीवाल्याला शिव्या दिल्यास? त्याचा नंबर लक्षात ठेव. महिन्याभरात तोच तू असशील."

मुलांना ते आईच्या नावानं हाक मारत. नाव नोंदवायला आलेल्या पोराला पहिला प्रश्न, आईचं नाव काय? त्यानंतर तो कायमचा शोभाचा, शबानाचा, वैशालीची. एका बापानं फुशारकीनं विचारलं, आमचं नाव का नाही? सर म्हणाले, "ह्यानं कुणाला उडवलं तर तुम्ही वकील शोधायला जाल. रडत ती बसेल. ज्याचं काम, त्याचं नाव."

पण खरी बदनामी झाली ती शेवटच्या दिवसाची. कोर्स संपत आला की सर सांगायचे, "शेवटच्या दिवशी आईला घेऊन ये." आयांना वाटे सत्कार आहे. चांगली साडी नेसून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन त्या समोरच्या मैदानात यायच्या. मैदान नाल्याकडं उतरतं. त्या उताराकडं पाठ करून गाडी उभी असायची. सर जमिनीवर वर्तमानपत्र पसरत, बरोबर गाडीच्या मागं, हातभर अंतरावर, आणि म्हणत, "बसा बाई. मांडी घालून." बाई गोंधळून हसत हसत बसायची. पोराला सरांनी आधीच स्टिअरिंगवर बसवून पुढं बघायला लावलेलं असे. मग स्वतः डाव्या सीटवर बसून ते विचारत, "आरशात बघ. कोण दिसतं?"

"कोणीच नाही, सर."

"तुझी आई आहे मागं. रिव्हर्स टाक."

वरच्या खिडकीतून मी हा तमाशा कितीदा पाहिला. कुणी हसायचं, सर गंमत करतायत असं समजून. मग सर आवाज चढवत, "टाक म्हणतो ना! आरशात नाही ना ती? मग नाही!" कुणी रडायचं. कुणी खरोखर गिअरला हात घालायचं आणि मागं आई किंचाळायची. पेढ्यांचा पुडा तिथंच धुळीत. एक बाई घरी जाऊन तापानं फणफणली असं ऐकलं. मला त्या माणसाचा भयंकर राग यायचा. आणि एक सांगते, सरांना त्यात मजा यायची. त्यांचा चेहरा मी पाहिलाय. दुसऱ्याची चूक सापडली की काही माणसांना जेवण झाल्यासारखं वाटतं, त्यातले ते होते.

इतक्या कडू माणसाच्या मागं काहीतरी दुःख असणारच, असं कॉलनीनं ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणे धाकटा भाऊ जीपखाली गेला, कुणी म्हणे मुलगा. एकदा सरांची दाढ काढताना मी विचारलंच. दाताच्या डॉक्टरचं एक बरं असतं, समोरच्याला उलट बोलता येत नाही. सरांनी हात वर केला, उठून थुंकले आणि म्हणाले, "मुलगा पुण्यात आहे, धडधाकट. बायको घरी सिरियल बघतेय. भाऊच नाही मला. माझं काहीएक झालेलं नाही, डॉक्टर. तुम्ही काय स्वतःचे सगळे दात पडल्यावर डॉक्टर झालात का?" आणि पुन्हा आ वासून आडवे झाले. मी जरा जोरातच ओढली ती दाढ.

मंगल माझ्या दवाखान्यात कामाला. हत्यारं उकळणं, पेशंटला आत सोडणं, उधळलेल्या पोरांना दटावणं, सगळं तीच. नवरा नाही. एकुलती एक लेक पल्लवी, बारावी झालेली. पल्लवीनं मनात पक्कं धरलं होतं, एस.टी.त ड्रायव्हर व्हायचं. करमाडला मामाकडं जाताना एकदा तिनं एस.टी. चालवणारी बाई पाहिली आणि तिथून जे डोक्यात बसलं ते बसलं. मंगल म्हणायची, "मॅडम, मी लोकायच्या थुंकीत हात घालते, निदान ही तरी उंचावर बसंल." मीच तिला म्हटलं, खालच्या राक्षसाकडं घाल. गाडी तरी नीट येईल.

पल्लवीची शेवटच्या दिवसाची पाळी आली तेव्हा मंगल माझीच मोरपंखी साडी नेसून गेली. आतल्या कामातून तिला ते मैदान कधी दिसलं नव्हतं, आणि ऐकलं तर ती जायचीच नाही म्हणून मीही काही सांगितलं नाही. अर्ध्या तासात परत आली ती मागं सगळी धूळ घेऊन. "मॅडम, काय माणूस हाय हो! जित्या माणसाला गाडीमागं बसवतो!"

"पल्लवी रडली का?"

"नाय ना! दार उघडलं, खाली उतरली, समदी गाडी फिरून मागं आली. मला म्हन्ली, आये, ऊठ. आन् सरास्नी म्हन्ली, बघितल्याशिवाय मी रिव्हर्स टाकत नसते."

इतक्या वर्षांत हे उत्तर कुणी दिलं नव्हतं. सर फक्त "बस, झालं" म्हणाले आणि क्लास पुरा झाल्याच्या कागदावर सही केली. सरांच्या तोंडचं ते सर्वात मोठं कौतुक. मंगल मात्र रात्री झोपेतून दचकून उठते, असं पुढं महिनाभर सांगत होती.

त्याच बॅचला यश होता. त्याचे वडील गाडेकर, प्लॉटिंगच्या धंद्यातले, गळ्यात जाड साखळी, बोलणं अर्धं हिंदीत. पोराला अठरा लागायच्या आधीच मोठी काळी गाडी दारात उभी होती आणि तिच्या मापाचा पोरगा करायला त्याला सरांकडं पाठवलेलं. पोरगा वाईट नव्हता. गालावर मुरुमं, सतत हसरा, हात चपळ. सर त्याला सुनीताचा म्हणायचे आणि तो न चुकता "जी सर" म्हणायचा. पण शेवटच्या दिवशी तो एकटाच आला. मागून गाडेकर.

"सर, हमारे घर की औरत रस्त्यात धुळीत बसणार नाही. इज्जत का सवाल आहे. पोराला गाडी येते, तुम्ही सही करा."

"येते ना. पुढं जाता येतं त्याला. मागं नाही."

"अहो, बाकी सगळं झालं ना? एक दिवसानं काय फरक पडतो?"

"मग एक दिवस आणा त्यांना. मी कुठं पळून चाललोय?"

गाडेकर म्हणाले, तुमच्यावाचून दुनिया अडली नाही. खरंच अडली नाही. लायसन झालं. कसं झालं ते या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात गाडेकरांनी मुद्दाम सरांच्या शटरसमोर गाडीची पूजा मांडली. झेंडूचा हार, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. सुनीताबाई बिचाऱ्या खाली मान घालून ओवाळत होत्या. यशनं गाडी पुढं घेतली, लिंबू फुटलं, टाळ्या पडल्या. शटरमधून सर ओरडले, "सुनीताचा! लिंबू दिसलं का रे तुला?" सगळे हसले. यशसुद्धा हसला.

पावसाळा सरता सरता एका रविवारी पल्लवी स्कूटीवर करमाडला निघाली, मामाकडं. डोक्याला हेल्मेट. गावाच्या फाट्याशी डावीकडं वळायचं म्हणून तिनं वेग कमी केला. तोच फाटा एका काळ्या गाडीचा हुकला होता. आत यश आणि त्याचे मित्र, कुठल्याशा ढाब्यावर निघालेले. पुढं जाऊन वळून यायचं सोडून त्यानं भर जालना रोडवर गाडी रिव्हर्स घेतली. जोरात. पोलिसांना तो एकच सांगत राहिला, "मला आरशात कोणीच दिसलं नाही हो. खरंच कोणी नव्हतं."

हेल्मेटनं डोकं वाचवलं. जबडा दोन ठिकाणी मोडला आणि डावा पाय चाकाखाली गेला. जबडा बसवताना मी तिथं उभी होते. एरवी रक्ताची मला सवय आहे. त्या दिवशी हात धुवायला गेले आणि बेसिनपाशी रडून घेतलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सर भेटायला आले. हातात एक शहाळं. पल्लवीचे वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधलेले, बोलता येत नव्हतं. पाय लोखंडी सांगाड्यात. मंगल उशाशी. सरांनी शहाळं खाली ठेवलं आणि बरी आहेस का वगैरे काही न विचारता म्हणाले, "मंगलची, इंडिकेटर दिला होता का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पल्लवीनं डावा हात चादरीबाहेर काढला आणि अंगठा बाजूला सरकवून दाखवला. दिला होता.

"मागं बघितलं होतं?"

मान हलवता येत नव्हती म्हणून तिनं डोळे मिटून उघडले.

"मग ठीक आहे," सर म्हणाले. त्यांनी सांगाड्याकडं पाहिलं, वाकून नीट पाहिलं, आणि म्हणाले, "गुडघा वाकणार नाही हा. क्लचचा पाय गेला."

डॉक्टरांनी आम्हाला ते आधीच सांगितलं होतं. पल्लवीला सांगायचं धाडस कुणाला झालं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून दोन्हीकडं पाणी कानात उतरलं. मंगलनं ते शहाळं उचललं आणि दाराकडं निघालेल्या सरांच्या पाठीवर फेकलं. ते लागलं. सर वळलेसुद्धा नाहीत. दाराबाहेर गाडेकर उभे होते, डोळे सुजलेले. हात जोडून म्हणाले, "सर, पोरगं लहान आहे हो माझं." सर म्हणाले, "लहान होता तेव्हाच आईला आणायचं होतं," आणि जिना उतरून गेले. मी त्या दिवशी ठरवलं की या माणसाशी पुन्हा बोलायचं नाही.

माझं हे ठरवणं फार टिकलं नाही, कारण पल्लवीच टिकू देईना. काठी घेऊन चालायला लागल्यावर ती माझ्या दवाखान्यात खुर्चीवर बसून नावं लिहून घ्यायची आणि खालचा आरडाओरडा कान देऊन ऐकायची. मध्येच हसायची. मंगल चिडायची. "त्या मेल्याचं ऐकून हसू येतंच कसं तुला?"

"आये, त्यो खोटं नाय बोलत. बाकी समदे बोलतात."

मग एक दिवस गाडेकर खाली आले. केस चालू होती, यशचं लायसन जप्त. वकिलानं सांगितलं होतं की पोरानं रीतसर क्लास पुरा केला तर कोर्टात बरं दिसेल. या वेळी त्यांच्या आवाजात हिंदी नव्हतं. सर म्हणाले, "पहिल्यापासून. पायी रस्ता ओलांडण्यापासून." यश आला. पहिल्या खुर्चीत बसायचा, हसणं पार बंद झालेलं. सरांनी त्याला दयामाया दाखवली म्हणाल तर अजिबात नाही. नव्या पोरांसमोर त्याला उभं करून विचारायचे, "सुनीताचा, रिव्हर्स घेताना काय दिसतं? सांग सगळ्यांना." आणि तो रोज सांगायचा, "कोणीच नाही, सर."

शेवटचा दिवस ठरला तसे सर जिना चढून माझ्याकडं आले. माझ्याकडं बघितलंच नाही. "मंगलची, तो परवा बसतोय गाडीत. मागं बसायचंय का तुला?"

मंगलच्या हातातला ट्रे खणकन पडला. तिनं सरांना जे काही ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. सर ऐकून घेत उभे राहिले. जबडा बसल्यापासून पल्लवी शब्द जपून वापरायची. मग म्हणाली, "बसते. पन तुमीबी बसायचं, सर. माझ्या शेजारी."

"मी गाडीत असतो. ब्रेकवर."

"म्हनूनच. ब्रेक सोडून यायचं. तुमच्या सुनीताच्यावर भरवसा हाय ना तुमचा?"

सरांच्या चेहऱ्यावरचं ते नेहमीचं जेवण झाल्याचं समाधान पहिल्यांदाच पुसलेलं मी पाहिलं. "ठीक आहे," म्हणाले.

सर पुढच्या उन्हाळ्यात गेले, झोपेत, काहीही कारण नसताना, जसं त्यांच्या आयुष्यात बाकी काही झालं नव्हतं तसंच. कॉलनीत फारसं कुणी रडलं नाही. शटरच्या गाळ्यात आता पल्लवी शिकवते. पट्टी तिच्याकडं आहे आणि ती सरांपेक्षा जोरात मारते. पण मला सर आठवतात ते त्या सकाळचेच.

मैदानात गाडी नेहमीसारखी उताराकडं पाठ करून उभी. या वेळी मी खिडकीत न थांबता मंगलबरोबर खाली आले होते. सुनीताबाई आल्या होत्या, नवऱ्याला न विचारता, साध्या सुती साडीत. त्या पुढं होऊन म्हणाल्या, "सर, मी बसते." सर म्हणाले, "तेव्हा बसायचं होतं, बाई. आता ती जागा दुसऱ्याची झाली." त्यांनी वर्तमानपत्र पसरलं. पल्लवी मंगलच्या आधारानं खाली बसली, डावा पाय समोर ताठ. मग सर बसले. या वयात मांडी घालताना त्यांना गुडघे हातानं ओढून घ्यावे लागले. ती पांढरी पँट धुळीत पाहून मला बरं वाटलं. मंगलनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं काळीनिळी पडली.

"आरशात बघ!" सर मागून ओरडले. "कोण दिसतं?"

इंजिन चालू होतं.

"तुझ्यामागं मंगलची बसलीय. आणि मी बसलोय. ब्रेकवर कोणी नाही. रिव्हर्स टाक!"

गाडीच्या खिडकीतून यशची मान दिसत होती. त्याचा हात गिअरपर्यंत गेला आणि मागं आला. इंजिन बंद झालं. दार उघडलं आणि तो बाहेर पडला, जवळजवळ कोसळलाच, मागं बघायला धावला. आणि त्याच क्षणी मोकळी गाडी उतारावरून मागं निघाली.

पल्लवीला उठता येत नव्हतं. सरांनाही. सुनीताबाई किंचाळल्या. सरांनी पल्लवीच्या पुढं आडवा हात टाकला, तेवढंच. गाडी वीतभर आली, कशाला तरी अडखळली, डुलली आणि थांबली. मागच्या टायरखाली तो काळा दगड होता.

यश पळत आला. दोघांसमोर गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात पुढं करून रडायला लागला. सरांनी ते हात घेतले नाहीत. त्यांचा श्वास लागला होता. "सुनीताचा," ते म्हणाले, "आधी हँडब्रेक लावून ये."

तो गेला. आम्हाला हँडब्रेक ओढल्याचा आवाज ऐकू आला. परत आला.

"उतरून बघितलंस, ते बरोबर. हँडब्रेक विसरलास. नापास. सोमवारी ये."

"जी सर," यश म्हणाला.

पल्लवीला तिच्या आईनं उठवलं. सरांना आम्ही कुणीच हात दिला नाही. ते बंपरला धरून हळूहळू उभे राहिले, पँट झटकली, वाकून दगड काढला. तेव्हा मंगल ओरडली, "सर, माझ्या येळेला होता का ह्यो धोंडा?"

"प्रत्येकीच्या वेळेला होता."

"मग सांगितलं का नाय? महिनाभर झोपले नाय मी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही हसत बसला असता," सर म्हणाले, "आणि ती उतरली नसती." त्यांनी दगड डिकीत ठेवला, झाकण आपटलं आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. भाकरीचा डबा उघडला, पण घास न घेता तो तसाच मांडीवर धरून समोर बघत राहिले.